बांगड्यांच्या जागी दोरा

संध्याकाळच्या राउंडला पाहिलं, तर प्लास्टरबाहेर आलेली यमुनाची बोटं निळसर आणि टम्म सुजलेली. सकाळीच मी त्या हाताचं ऑपरेशन केलं होतं.

यमुना कडावची. गवत कापताना विळा तळहातात घुसला आणि दोन बोटांचे टेंडन तुटले. टेंडन म्हणजे बोट मिटवणारी आतली दोरी. ती जोडली नाही तर मूठ वळत नाही. घरच्या म्हशींची धार यमुनाच काढायची.

बांगड्यांवरून सकाळी बराच वेळ गेला होता. ऑपरेशननंतर हात सुजतो, म्हणून बांगडी-अंगठी आधीच काढावी लागते. यमुनाची सासू ऐकेना. सवाष्णीचा हात भुंडा ठेवत नाहीत, एवढंच म्हणत राहिली. कर्जतच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात माझी पत्नी कुमुदच सिस्टर होती. तिने साबणाच्या पाण्याने, एकही न फुटू देता, सगळ्या बांगड्या उतरवून दुसऱ्या हातात चढवल्या. ऑपरेशननंतर मी सासूला बजावलं होतं : हात उशीवर उंच ठेवा, बोटं गार किंवा निळी पडली तर लगेच हाक मारा.

हाक का मारली नाही, विचारलं.

"कापलंय म्हंजे दुखणार, निळं व्हणार," सासू म्हणाली. "तुमाला किती यळा बोलवायचं?"

प्लास्टर सोडलं तर बोट सरळ होऊन जोड तुटण्याची भीती. न सोडलं तर बोटंच जाणार. मी कात्री घेतली. तेवढ्यात कुमुदने यमुनाचा पदर बाजूला केला. प्लास्टरच्या वर, दंडाला, हळकुंड ओवलेला पिवळा दोरा. घसरू नये म्हणून करकचून आवळलेला.

"हा कोणी बांधला?"

"मी. बांगड्या तुमीच काढल्या. मंग भुंडाच ठिवू का?"

"मला विचारायचं तरी."

"तुमी कवा इचारलं आमाला?"

मी दोरा कापला. सासूने तोंड फिरवलं. हळूहळू बोटांवर गुलाबी रंग परतला. प्लास्टर सोडावं लागलं नाही. कुमुदने प्लास्टरवर कुंकवाचं बोट टेकवलं, तेव्हा कुठे सासूने तोंड आमच्याकडे वळवलं.

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले. एक बोट जरा वाकडं राहिलं, पण मूठ वळली आणि यमुना पुन्हा धारेला बसली. सासू गावभर सांगत सुटली, "त्या दोऱ्याचाच गुण हाय."

तेव्हापासून बांगड्या काढण्याआधी कुमुद नातेवाइकांना विचारायची, यांच्या जागी तुम्ही काय बांधणार?

गेल्या साली तिचंच ऑपरेशन होतं. बांगड्या मी साबणाच्या पाण्याने उतरवल्या आणि सलाइन नव्हतं त्या मनगटाला दोरा बांधला. ती घरी आली नाही. त्यात दोऱ्याचा दोष नव्हता.

तर, ऑपरेशनच्या हाताला काहीही बांधू नका. बांधायचंच असेल तर दुसऱ्या हाताला, डॉक्टरला दाखवून, खालून बोट सहज जाईल इतकं सैल.