सशाच्या साच्याची जागा

ज्या भिशीच्या ग्रुपमधून रेहानाला काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर मला ती गेल्याची बातमी कळली. सकाळी दूध तापवत होते. मोबाइलवर आधी जोडलेले हात आले, मग गुलाबाची फुलं, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘तिच्या हाताला काय चव होती.’ मला इतका संताप आला की दूध उतू गेलेलंही समजलं नाही... गेली दोन वर्षं याच हाताचं यांना चालत नव्हतं.

रेहाना आमच्या शिवाजी पेठेतलीच, माझ्या घरापासून चार दारं सोडून. नवऱ्याचं गॅरेज, एक मुलगी आणि ओट्याच्या कोपऱ्यात एक ओव्हन. कपकेकसाठी तिनं सशाच्या आणि गुलाबाच्या आकाराचे सिलिकॉनचे मऊ साचे आणले तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो; रबर भट्टीत घातल्यावर वितळणार नाही तर काय होणार? तिनं आमच्यासमोर केक भाजले आणि साचा बाहेर काढून आमच्या नाकाशी धरला. तोंडानं फटकळ होती. एकदा मी घाईनं गरम साचा उलटा करायला गेले तर हातावर चापट मारून म्हणाली, “गार हू दे की. कान तुटलेला ससा खायला तू काय मांजर हायस?” गरम असताना काढला तर सशाचे कान साच्यातच राहायचे, आणि तसला ससा ती कुणाच्या ताटात जाऊ द्यायची नाही.

भिशीच्या चहाला येणाऱ्या निम्म्या जणींना अंडं चालायचं, निम्म्यांना नाही. शिवाय कुणाचा सोमवार, कुणाची सासू माळकरी. रेहानानं यावर स्वतःच तोड काढली होती. ससे बिनअंड्याचे, गुलाब अंड्याचे. साचे वेगळे, पातेली वेगळी, ढवळायचे चमचेसुद्धा वेगळे. कुणाला काही विचारावं लागायचं नाही, ताटाकडे बघितलं की झालं. पेठेतल्या पोरांनाही हे पाठ होतं.

मग सुवर्णाकडची ती भिशी झाली. सुवर्णा म्हणजे आमच्यातली सर्वांत गोडबोली. मी त्या दिवशी माहेरी मलकापूरला होते, परत आल्यावर कळलं ते असं, की सुवर्णाच्या माळकरी सासूबाईंनी ससा उचलला, घास घेतला आणि अंड्याचा वास आला म्हणून भरल्या बैठकीत थुंकला. मग काय, ज्यांना कधी वास आला नव्हता त्यांनाही आधीच्या सगळ्या सशांचा वास आठवायला लागला. ‘त्यांच्यात कुठं पाळत्यात,’ असंही एक जण म्हणाली म्हणे. एकीलाही आठवलं नाही, की रेहानाच्या गुलाबांना, ज्यांत खरोखर अंडं असायचं, त्यांनाही कधी असा वास आला नव्हता.

मी तशीच रेहानाकडे गेले. म्हटलं, चल, सगळ्यांसमोर सांग. ती भांडी घासत होती. मागं न बघता म्हणाली, “इतकी वर्सं खाऊन बी इचारायला लागत आसंल, तर मी न्हाय सांगत, शोभा.” तिच्या त्या ताठ्याचा मला तेव्हा राग आला होता. आजही येतो. त्यानंतर पेठेतल्या ऑर्डरी तुटल्या आणि तिनं ससे करणंच सोडलं. ओव्हनवरच्या फळीवर साचे मात्र ओळीनं लावलेले असायचे. मध्ये एका साच्यापुरती जागा मोकळी होती. एकदा तिथं मी साखरेचा डबा ठेवला, तर तिनं तो उचलून खाली ठेवला.

ती झोपेतच गेली. त्यानंतर काही आठवड्यांनी सुवर्णा माझ्या दारात आली, हातात पिशवी. पिशवीत सशांचा साचा होता, स्वच्छ धुतलेला. पोरांच्या डब्यासाठी म्हणून तिनं तो रेहानाकडून मागून नेला होता... त्या भिशीच्या आधी. खाली बघत म्हणाली, “केक कमी पडतील म्हणून थोडं ससं मीच केलतं वो, अंडं घालून. तिच्या ताटातच ठेवलं. पोरांस्नी देणार हुतो, तवर सासूबाईंनी उचलला. मग कसं सांगायचं? तुमीच देऊन या की तिच्या घरात.” ती जिवंत असताना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. धाडस झालं न्हाय, म्हणाली आणि रडायला लागली. मला तिच्या रडण्याची जराही दया आली नाही. चहा विचारला नाही, बसही म्हटलं नाही.

साचा घेऊन मी रेहानाच्या घरी गेले. मुलगी नाझनीन एकटीच होती. ओव्हनवर कापड टाकलेलं, फळी तशीच. तिनं साचा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि त्या मोकळ्या जागेत ठेवला. अगदी बरोबर बसला.

“अम्मी हितं काय ठेवू द्यायची न्हाय,” ती म्हणाली. “म्हनायची, सुवर्णा आनून दील की. एक दिवस येईल ती.”

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोन वर्षं ती वाट बघत होती... मी नाझनीनला खरं काय ते सांगितलं नाही. साचा सुवर्णानंच पाठवलाय, एवढं म्हटलं.

“मग त्या का न्हाय आल्या?” तिनं विचारलं.