सायलेन्सरवरचा हात

दुपारच्या टँकरची तपासणी चालली होती. दुधाचा नमुना हातात असतानाच खिशातला फोन वाजला. नाव आलं ‘फिजिओ मॅडम’. मी नेहमीच्या सवयीनं आधीच सांगून टाकलं, “व्यायाम चालू हाय, मॅडम.” पलीकडून आवाज आला तो त्यांच्या यजमानांचा. सर म्हणाले, “दत्ताभाऊ, मॅडम सकाळी गेल्या...” माझे दोन्ही खांदे कानांपर्यंत चढले, दातांवर दात गच्च बसले, श्वास छातीत अडकला. आणि हे सगळं होतंय हे माझं मलाच कळलं. पाच वर्षांपूर्वी कळत नव्हतं. मी बाटली खाली ठेवली, भिंतीला पाठ टेकवली आणि श्वास सावकाश सोडला. मॅडमनी शिकवलेली गोष्ट एक दिवस त्यांच्याच जाण्याच्या वेळी वापरावी लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

मी वरकुट्याचा. घरी डाळिंबाची बाग, नोकरी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात. रोज मोटरसायकलवर तासाभराची वाट. पाच वर्षांपूर्वी कारखान्याच्या हंगामात, संध्याकाळी घरी येताना उसाच्या एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली मला घासून गेली. मी रस्त्याकडेच्या चारीत पडलो. खांद्याजवळचं हाड मोडलं, डॉक्टरांनी ते नीट जुळवलं आणि दोन महिन्यांनी एक्स-रे बघून ‘छान’ म्हणाले. छान काय, माझी मान उजवीकडे वळेना. लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला तरी अंगाचं लाकूड व्हायचं, रात्री जबडा दुखायचा, जेवताना घास उतरायचा नाही. घरात, गावात सगळ्यांचं एकच, हाडं जुळली ना, मग आता काय? मलाही तसंच वाटायचं. बायको मंगल तेवढी काही बोलायची नाही, नुसती बघायची. माझी सकाळची पाळी, त्या वेळेला एसटी नाही. गाडी चालवता आली नाही तर नोकरी जाणार हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी डॉक्टरांनीच मॅडमकडे चिठ्ठी दिली.

मॅडम मूळच्या डाळजच्या. शिकून पुण्यात राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती, पण त्यांनी बारामतीत रस्त्याच्या कडेला दोन खोल्यांचा दवाखाना थाटला आणि बोलणं डाळजचंच ठेवलं. पहिल्या दिवशी मी खांदा पुढे केला. मॅडम खांद्याकडे बघेचनात. मला पाठीवर निजवलं, गुडघे वर घ्यायला लावले आणि पोटावर माझाच हात ठेवायला सांगितला. दहा मिनिटं नुसता श्वास. मी मनात म्हटलं, यासाठी का एवढ्या लांब आलो! मग त्या म्हणाल्या, “म्हशीच्या अंगावर माशी बसली की कातडं थरथरतं, माशी उडती, म्हैस परत रवंथ करती. आपुन माणसं माशी उडाली तरी कातडं धरून ठिवतो. तुमचा ट्रॅक्टर गेलाय कवाच. खांद्याला कुणी सांगितलंच न्हाय.” इतक्या डॉक्टरांत माझ्या दुखण्याचा मला पटेल असा अर्थ त्यांनीच सांगितला.

दवाखान्यासमोरून हंगामात दिवसभर ऊस जायचा. माझ्यासाठी ती शिक्षाच होती, मॅडमनी तिचा व्यायाम केला. सुरुवातीला खिडक्या बंद करून, मग एक उघडून, मग ओट्यावर खुर्ची टाकून. तळपाय जमिनीवर घट्ट, मुठी आवळायच्या, सोडायच्या, मान जाईल तेवढीच वळवायची. ट्रॅक्टर जवळ आला की त्या माझ्या पाठीवर तळवा ठेवायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, “आला... येऊ द्या... गेला.” ‘गेला’ म्हणताना श्वास पूर्ण सोडायचा. घाई नाही, ‘घाबरू नका’ असा उपदेश तर नाहीच. मला वाईट स्वप्नं पडतात हे कळल्यावर त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. मी तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणाल्या, अंग माझ्याकडं, मन त्यांच्याकडं, मधी भांडायचं न्हाय.

आता माझा पराक्रम सांगतो. कंपनीनं कामावर हजर होण्याची तारीख कळवली आणि माझा धीर सुटला. मॅडमनी ‘ठणठणीत’ असं लिहून दिलं की झालं, पुढचं पुढे बघू, असा विचार केला. मेव्हण्याच्या डाळिंबाच्या पिकअपमध्ये मोटरसायकल चढवली, दवाखान्यापासून दोन गल्ल्या अलीकडे उतरवली आणि तिथून हेल्मेट घालून ढकलत आणली. दारात थाटात स्टँड लावला आणि वरकुट्यापासून चालवत आलो म्हणून ठोकून दिलं. मॅडम बाहेर आल्या. तवा तापला का बघावं तसा उलटा हात सायलेन्सरजवळ नेला. मग त्या गार सायलेन्सरवरच टेकवला... आणि माझ्याकडे बघितलं.

“हेल्मेट काढा आधी,” त्या म्हणाल्या. “ढकलायला कशाला लागतंय?”

मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी आत नेलं, चहा ठेवला आणि मी जे कुणाजवळ बोललो नव्हतो ते बोलू दिलं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या ट्रॅक्टरला भितो, हे कसं सांगायचं? मी रडलो. त्या म्हणाल्या, “भ्यालेलं अंग खोटं बोलत न्हाय, दत्ताभाऊ. तुमी बोलता. मी चिठ्ठी दिली आणि तुमी रस्त्यात आखडला, तर मंगलला काय सांगू?” त्यांनी ‘ठणठणीत’ लिहिलं नाही. कंपनीला आणखी सहा आठवडे मागणारं पत्र लिहिलं, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन साहेबांना समजावलं. नोकरी राहिली. ओट्यासमोर उभ्या गाडीवर बसून, मग गल्लीत, मग एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर मी पुन्हा शिकलो.

ज्या दिवशी खरोखर वरकुट्याहून चालवत गेलो, त्या दिवशी मॅडम धावतच बाहेर आल्या आणि आनंदाच्या भरात तळहातच सायलेन्सरवर ठेवला. चटका बसला. तळहातावर फुंकर घालत हसत राहिल्या. त्या तळहातावर डाग राहिला. नवा कुणी पेशंट घाबरलेला असला की त्याला तो दाखवायच्या, हे दत्ताभाऊंचं सर्टिफिकेट म्हणून.

गेल्या दिवाळीला फराळ घेऊन गेलो तेव्हा डबा त्यांनी डाव्या हातानं घेतला. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, नुसतं आखडलंय. मी हसलो, म्हटलं, मॅडम, तुमीच व्यायाम चुकवता व्हय! तेव्हा कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता आणि त्यांना ते ठाऊक होतं, हे मला आता कळलं. माझं खोटं त्यांनी एका हातानं ओळखलं. त्यांचं मला ओळखता आलं नाही, याची टोचणी आहे... राहील.

परवा सरांना भेटायला गेलो. दवाखाना बंद, ओट्यावर माझी ती खुर्ची तशीच. सर बाहेर आले, पण माझ्याकडे न येता माझ्या मोटरसायकलकडे गेले. वाकले आणि उलटा हात सायलेन्सरजवळ धरला.

“शेवटच्या दिवशी हात हातात घेऊन बसलो हुतो,” ते म्हणाले. “त्यो डाग अजून हुता.”

रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती. मी सरांच्या पाठीवर तळवा ठेवला. त्यांचा खांदा कानापर्यंत चढलेला होता.

“सोडा, सर,” म्हटलं. “सावकाश.”