तिरामिसूसाठी गिरीज-आगाशी: रमऐवजी काय घालायचं?

दादाने वाढदिवसाला तिरामिसू मागितलं आणि मी धास्तावले. माझा हा भाऊ सात महिन्यांपूर्वी दारू सोडून आमच्याकडे विरारला राहायला आला. आणि हे इटालियन गोड म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटं, वर चीजचं मऊ क्रीम, आणि त्या कॉफीत रम, गोड वाइन किंवा कॉफी लिकर. शिजवायचं नसतं, म्हणजे दारू उडूनही जात नाही. त्याला तिरामिसू हवं होतं, की त्यातलं ते? विचारायची हिंमत झाली नाही.

नुसत्या कॉफीचं करून पाहिलं, ते बेचव झालं. रमचा इसेन्स आणला, पण वास इतका खरा की बेसिनमध्ये ओतून दिला.

शेवटी शनिवारी सकाळी निघाले. वसई स्टेशनवरून गिरीज गावाला शेअर रिक्षा मिळते, फक्त ती भरेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात मी दादाला उगाचच दोनदा फोन केला.

गिरीजला मैत्रिणीची आई, फिलूमावशी, केळीच्या वाडीत राहते. गोडधोडातलं तिला सगळं कळतं, म्हणून सल्ला मागायला गेले, तर तिने घरची वाइनच पुढे केली.

“दोन चमच्यांनी काय होतंय गं?”

सात महिने आम्ही सगळ्यांना सांगत आलोय की ॲसिडिटीमुळे दादा घेत नाही. तेच तोंडावर आलं होतं. पण म्हणाले, “मावशी, माझा भाऊ खूप प्यायचा. आता पीत नाही.” घराबाहेर पहिल्यांदाच बोलले आणि रडू फुटलं.

मावशीने बाटली कपाटात ठेवली. “मग सुकेळी घाल. आगाशीच्या बाजारात बघ. काळपट असतील ती घे.”

सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. पावसाळ्यात जाऊ नका, हात हलवत परत याल. मला शेवटचं पुडकं मिळालं. बसने विरारला येईपर्यंत ते मांडीवरच होतं. चार सुकेळी चिरून कडक कॉफीत तीन तास भिजवली, मग ती कॉफी गाळून बिस्किटांना वापरली. रमचा तो गडद गोडवा बराचसा येतो.

संध्याकाळी वाटी हातात दिली. दादाने आधी वास घेतला.

“काय घातलंस यात?”

“सुकेळी.”

त्याने वाटी पुसून खाल्ली. मग म्हणाला, “तिरामिसू मागून बसल्यावर कळलं, यात दारू असते. नको म्हणायची लाज वाटली. चार दिवस नुसता टरकलो होतो.”

चार दिवस एकाच घरात आम्ही दोघं त्याच वाटीला घाबरत होतो, आणि ते बोलायला मी गिरीजपर्यंत गेले होते.