किरमिजी रुमाल

शिंप्याच्या घरात नाकातून रक्त येण्याचं कुणाला नवल नव्हतं. आजोबांचा घोळणा फुटायचा, वडिलांचा फुटायचा, शिंप्याचा तर कापड बेततानाही फुटायचा. "आपलं रक्तच गरम," म्हातारी आई तोऱ्यात सांगायची, जणू कुणी पराक्रम गाजवलाय. गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग नको म्हणून शिंपी रुमाल शिवायचा, रक्त दिसू नये म्हणून किरमिजी. थोरल्या लेकीचा घोळणा सातव्या वर्षी फुटला, तेव्हा घराण्याच्या वळणावर गेली म्हणून आजीने तिची पाठ थोपटली. शिंप्याने दप्तरात चार रुमाल घातले.

दहाव्या वर्षी ती जिना चढताना धापा टाकू लागली. ओठ निळसर दिसायचे. "खायला नको हिला, दुसरं काय," आजी म्हणाली. शिंप्याला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं.

एके दिवशी वर्गात तिची डावी बाजू लुळी पडली.

"फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जन्मापासून चुकीच्या जोडलेल्या आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या आडवाटेने गुठळी मेंदूत गेली. हे आनुवंशिक असतं. तिच्या ओठांवरचे हे लाल ठिपके तुमच्याही ओठांवर आहेत. नाकातून रक्त किती यायचं?"

शिंप्याने तिच्या दप्तरातला रुमाल पुढे केला.

"यावरून काय कळणार?" बाईंनी तो ओल्या कापसाने पुसला. कापूस लाल झाला. रुमालाचा रंग जाणारा नव्हता, शिंप्याने कापड पारखून आणलं होतं. पाव इंचाचा फरक नजरेने ओळखणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचं रक्त किती गेलं ते सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी पोर गेली.

धाकटीच्या तपासणीत तोच दोष निघाला. वेळेत कळलं तर ती आडवाट बंद करता येते, असं बाईंनी सांगितलं. थोरलीचीही करता आली असती, हे त्या बोलल्या नाहीत. ते त्याला न सांगताच कळलं.

त्या संध्याकाळी त्याने पांढरं कापड काढलं.

"पांढरं कशाला?" आई म्हणाली. "डाग पडतील. चारचौघांत शोभा होईल पोरीची."

"होऊ दे. डाग दिसायलाच हवेत."

"आपलं रक्तच गरम, त्याला—"

"आई, पुन्हा हे बोलायचं नाही."

धाकटी मशीनला टेकून उभी होती. तिने शिवून झालेला रुमाल उलटसुलट करून पाहिला.

"मला नको हा. मला ताईसारखा लाल पाहिजे."

शिंप्याने मान वर केली नाही. दुसरा पांढरा चौकोन दुमडून त्याने सुईखाली सरकवला.