गोदरी

बायकोलाही सांगितलं नाही ते लिहितो: माझ्या सख्ख्या चुलतीवर मी शिट्टी फुंकली होती.

गोदरी हा शब्द मला तिनंच समजावला होता. मूळचा तो गावंदरी, असं ती म्हणायची. गावाला लागून असलेलं रान. ती नांदायला आली तेव्हा सकाळी गावाची गुरं तिथं गोळा व्हायची आणि बायका पाट्या घेऊन शेण वेचायच्या. पुढं गुरं कमी झाली, घरं वाढली, आणि त्याच बायका अंधारात टमरेल घेऊन तिथं जाऊ लागल्या. माझ्या लहानपणी गोदरी म्हटलं की माणसं नाक दाबायची. पुढं वेशीवर पाटी लागली, ‘गोदरीमुक्त गाव’.

सिल्लोडकडच्या त्याच गावात मी मास्तर होतो. गुड मॉर्निंग पथकात आम्हा मास्तरांनाही घेतलं. पहाटे जायचं, उघड्यावर बसलेल्याला शिट्टीनं उठवायचं, गळ्यात झेंडूचा हार घालायचा, फोटो काढायचा. आम्ही हसायचो. मीही.

चुलतीकडं संडास होता, पण पाण्याची सोय नव्हती. आत गोवऱ्या रचलेल्या. मला ते ठाऊक होतं. तरी बाभळीमागं कुणी हललं तशी मी शिट्टी फुंकली, बॅटरी मारली. लुगडं सावरत ती उठली. कुणीतरी तिच्या गळ्यात हार टाकला. तिनं मला ओळखलं.

“तू व्हय रे? बॅटरी खाली घे. लहानपणी इथंच बसवायची तुला मी.”

मी बॅटरी खाली घेतली नाही. फोटोला उजेड लागत होता.

तिनं हे घरात कुणाला सांगितलं नाही. काही महिन्यांनी चुलतभाऊ सहज बोलला, आई रात्रीची जेवतच नाय, पचत नाय म्हणती. पहाटे बाहेर जायला लागू नये म्हणून, हे मला कळलं, आणि मी विषय बदलला. मग बदली घेऊन शहरात आलो.

परवा शाळेतल्या एका सरांनी जाहिरातीचा गुळगुळीत कागद दाखवला. गोदरीवर प्लॉट पडलेत, वर हिरवळ छापलीय, नावही छान ठेवलंय. तुमच्याकडचंच आहे, घेता का, म्हणाले. मी कागद परत दिला आणि हात धुऊन आलो.

चुलती अजून आहे, अजून रात्रीची उपाशी झोपते. तिची माफी मागायची राहिली आहे. तिच्या संडासात पाणी आणून द्यायचं राहिलं आहे.