आज छाती वाजत नव्हती

पिठाच्या गिरणीत माणसाला कान हवा, असं गिरणीवाल्या काकू नेहमी म्हणत. डोळ्यांचं तिथे काही चालत नाही, सगळं पांढरंच. दाणे संपत आले की दगडांची घरघर कोरडी होते, पट्टा ढिला पडला की फटफट सुरू होते. काका चक्कीपाशी आणि काकू तराजूपाशी, अशी एकतीस वर्षं गेली होती. त्यातली शेवटची नऊ वर्षं काकांच्या छातीनेही त्या आवाजात आपला सूर लावला होता. पीठ आणि विड्या, दोघांनी मिळून फुप्फुसांचं मातेरं केलं. फाईलवर दुखण्याचं लांबलचक नाव होतं. घरात त्याला दमाच म्हणत. ‘आमच्याकडे दोन चक्क्या,’ काकू गिऱ्हाइकांना सांगत, ‘एक विजेवर चालते, दुसरी पंपावर.’ काका हसायचे, आणि हसले की खोकायचे.

गिरणी खरं तर दोघा भावांची. थोरले भाऊजी दोन वर्षांपूर्वी तिथेच, गव्हाच्या पोत्यावर बसल्या बसल्या गेले. त्यांनाही हेच दुखणं होतं. कागदावर तेच लिहिलं गेलं आणि कुणालाच नवल वाटलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास काकांनी दळण अर्ध्यावर असताना चक्की बंद केली. काकू चमकून वळल्या, कारण हा माणूस जीव गेला तरी दळण अर्धं सोडणारा नव्हे. काका पोत्यावर टेकले होते. चेहरा राखेसारखा, आणि कपाळावरच्या पिठाची घामाने कणीक झालेली.

काकूंनी सवयीने दम्याचा पंप काढला, हलवला, तोंडात दोन फवारे दिले. शेजारचा शिंपी धावत आला आणि धीर देऊ लागला, की नेहमीचंच आहे, दहा मिनिटांत उतरेल. काकांनीही हातानेच खूण केली, थांब जरा. नऊ वर्षांत हे शंभरदा झालं होतं, म्हणून काकू थांबल्याही. पण बंद गिरणीतल्या त्या शांततेत त्यांना काहीतरी कमी वाटत होतं. त्यांनी काकांच्या छातीला कान लावला. धाप होती, लोहाराच्या भात्यासारखी. शिट्टी मात्र नव्हती. इतका श्वास चढला की ही छाती शिट्टी मारल्याशिवाय कधी राहिली नव्हती.

“टॅक्सी बोलवा,” त्या शिंप्याला म्हणाल्या. “हे आमचं नेहमीचं नाही.”

इस्पितळात खिडकीवरच्या माणसाने जाडजूड फाईल पाहिली आणि मान वर न करताच वाफेच्या खोलीकडे बोट दाखवलं. ती खोली काकूंना पाठ होती. एकदा तोंडावर मुखवटा चढला की अर्धा तास कुणी फिरकत नाही. आणि काका तर आता डावा खांदा चोळत होते, डोळे मिटत होते. नर्सने चाकांची खुर्ची पुढे ढकलली, तशा काकू तिच्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. मागे खोळंबलेले लोक कुरकुरू लागले. नर्सने वैतागून विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का?

“नाही, मी गिरणीवाली आहे. ह्यांना धाप लागली की छाती वाजते. आज धाप आहे आणि छाती वाजत नाहीये. म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे. आधी डॉक्टरांना बोलवा, मग मला काय हवं ते बोला.”

पलीकडून जाणारी एक तरुण डॉक्टरीण थांबली. तिने पाठीला, छातीला नळी लावून ऐकलं, काकांच्या खांद्यावरचा हात पाहिला आणि खुर्ची स्वतःच दुसऱ्या दाराकडे वळवली. छातीला तारा चिकटवल्या, कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. दोष हृदयाचा होता.

पुढचे दोन तास काकू बाकावर बसून होत्या. अंगावरचं पीठ झटकायचंही त्यांना सुचलं नाही. नुसती भीती वाटत होती.

शेवटी डॉक्टरीण बाहेर आली. बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी झाली होती, तूर्त तरी काका वाचले होते. ती काकूंच्या शेजारी टेकली आणि सांगू लागली, की फुप्फुसं गेलेल्या कितीतरी माणसांना शेवटी हृदयच दगा देतं. पण धाप दिसली की सगळे दम्यावर खापर फोडून मोकळे होतात, घरचेही आणि आम्हीही.

“तुम्ही मात्र बरोबर ऐकलंत,” ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली, पण त्यांना वेगळंच दिसत होतं. भाऊजी पोत्यावर बसलेले, घामाने निथळत, आणि त्या स्वतः त्यांच्या तोंडाशी पंप धरून म्हणत होत्या, थांबा, आत्ता उतरेल. चक्कीच्या घरघरीत पंधरा मिनिटं धरला होता.

“त्या दिवशी मी ऐकलंच नाही हो,” त्या म्हणाल्या. डॉक्टरिणीला काही उमगलं नाही.

त्या दिवशी दळण अर्ध्यावर होतं, म्हणून कुणीच चक्की बंद केली नव्हती.