पहिल्या नंबराचं कपाट

न्युरेम्बर्गच्या घरातलं ते कपाट मी स्वतःच्या हातांनी बनवलं होतं. आल्यागेल्याला ते दाखवल्याशिवाय मी बसायलाही सांगत नसे.

बायकोला आठवा महिना होता. बाळंतपणासाठी सासूबाई पुण्याहून येणार होत्या. त्यांच्यासाठी, आणि पुढे बाळासाठी, छोटी खोली तयार करायची होती. बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या घरदुरुस्ती-सामानाच्या मोठ्या दुकानातून, चिपबोर्ड मापात कापून आणले. त्यांच्यावर E1 असा शिक्का होता. चिपबोर्डच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटत राहतो आणि तो किती सुटतो त्यावरून हा दर्जा ठरतो, एवढं मी वाचलं होतं. एक म्हणजे पहिला नंबर, यात वाचण्यासारखं काय आहे? माझी सगळी शाळा नंबरांतच गेली होती. तीन भिंती त्या एका कपाटाने भरल्या. आतल्या कडा कोण बघतंय, म्हणून त्यांना पट्टी न लावता तशाच सोडल्या.

सासूबाई येऊन चार दिवस झाले नाहीत तोच म्हणाल्या, "जावईबापू, त्या खोलीत डोळे फार चुरचुरतात हो. घसाही धरतो."

"आई, हायट्सुंग, म्हणजे हीटर, चालू असला की हवा कोरडी होते. होईल सवय."

त्या खिडकी उघडत, मी जाऊन बंद करी. इथे थंडीत खिडक्या उघडत नाहीत, असं त्यांना ठणकावून सांगितलं. खालच्या मजल्यावरची जर्मन आजी रोज सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडते, हे मला दिसत होतं. तरी सांगितलं. वर फोनवर भावाला म्हणालो, "सासूबाईंची नाटकं सुरू झालीत." त्या मागे स्वयंपाकघरात होत्या. नंतर त्यांनी तक्रार केली नाही. डोळ्यांत थेंब घालत आणि एखाद्या रात्री हॉलमधल्या सोफ्यावर येऊन झोपत.

महिन्याभराने त्या खोलीचं दार घासायला लागलं, म्हणून सुतार बोलावला. तो आत गेला, कपाट उघडलं आणि झटकन तोंड मागे घेतलं.

"इथे कोण झोपतं?"

"सासूबाई. नंतर बाळ." मी ऐटीत शिक्का दाखवला.

"हो, हो. त्याशिवाय बोर्ड इथे विकताच येत नाही. हा पास झाल्याचा शिक्का आहे. आणि तपासणी बोर्डाची झाली, तुमच्या खोलीची नाही. एवढ्याशा खोलीत इतके बोर्ड, वायू सुटायला कडा उघड्या, खिडकी बंद..." वाक्य अर्धं टाकून तो कामाला लागला. दार तासून निघून गेला.

पस्तीस मार्कांवर मी महिनाभर पेढे वाटत होतो. आणि माझा धंदा काय, तर सॉफ्टवेअर तपासण्याचा!

त्याच दुपारी खिडक्या उघडल्या, कपाट सुटं केलं आणि एकेक फळी तळघरात नेली. बाळ म्हटल्यावर हातपाय आपोआप हलले. महिनाभर एक जिवंत माणूस त्रास सोसत होतं, तेव्हा ते हलले नव्हते. प्रत्येक जिन्यावर मला स्वतःची किळस येत होती.

शेवटची फळी ठेवून वर आलो तर सासूबाईंनी चहा पुढे केला. "बरं केलंत. बाळाला त्रास झाला असता," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचे डोळे अजून लाल होते.

माफी मागायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आई, साखर जरा कमी पडलीय."

त्या साखर आणायला उठल्या.